दोनशे डिग्रीचे रोडगे

रविवारी सकाळी साडेदहाला नत्थुजींनी सोसायटीच्या गच्चीवर गोवऱ्या रचून पेटवल्या आणि अकराला सोसायटीच्या सेक्रेटरीनं स्वतः बादली आणून त्या विझवल्या. मधल्या अर्ध्या तासात चार बिऱ्हाडांची वाळत घातलेली धुणी धुरकटली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी अग्निशामक दलाचा नंबर शोधून ठेवला होता.

"काकाजी, हे गाव नोहे, अपार्टमेंट हाय," सेक्रेटरी म्हणाला.

"गाव असतं तं तू बादली घेऊन नसता आला, ताट घेऊन आला असता," नत्थुजी म्हणाले.

बोलण्यात ते जिंकले, पण गोवऱ्या भिजल्या त्या भिजल्याच. खाली स्वयंपाकघरात पाच किलो जाडसर कणीक मळून तयार होती, तुरीचं वरण शिजलं होतं, वांग्याची भाजी झाली होती, आणि एक वाजता चांदूर बाजारहून भागीरथाबाई यायची होती.

भागीरथाबाई म्हणजे नत्थुजींची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. दिवाळीनंतर तिला ताप आला, आणि तो गेला तेव्हा जाताना तिची भूक घेऊन गेला. दोन घास खाल्ले की ती ताट सरकवायची. पोरानं टॉनिकं आणली, सुनेनं शिरा केला, डॉक्टर म्हणाले की आजीला जे खावंसं वाटेल ते द्या. आजीला काहीच खावंसं वाटत नव्हतं. आणि मग आठ दिवसांपूर्वी फोनवर ती भावाला म्हणाली, "नत्थू, रोडगे खाऊसे वाटतेत रे."

झालं. त्या दिवसापासून नत्थुजींना दुसरं काही सुचेना. कौंडण्यपूरच्या अलीकडे त्यांचं शेत होतं. पौष महिन्यात तूर उभी असताना धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याखाली रोडग्यांची पंगत व्हायची. माय पहाटेपासून कणीक तिंबायची, तेलाचं बोट लावून पदर द्यायची, रोडगे वळायची. बाप गोवऱ्यांचा आर, म्हणजे निखारे, पसरून त्यात ते पुरायचा. तासाभरानं राखेतून काढलेला रोडगा फडक्यात घेऊन झटकायचा, दोन्ही हातांनी दाबायचा, की त्याचे पदर सुटायचे आणि आतून वाफ निघायची. वर तुपाची धार. ही गोष्ट नत्थुजींनी आयुष्यात इतक्यांदा सांगितली होती की त्यांचा मुलगा किशोर लहानपणी ती ऐकतच झोपायचा. माय गेली, शेत वाटण्यांत गेलं, आणि नत्थुजी एसटीच्या वर्कशॉपात गाड्या रंगवता रंगवता अमरावतीकर झाले. पण मायच्या हातच्या रोडग्याची चव काही त्यांच्या जिभेवरून उतरली नाही. बहिणीच्या जिभेवरही ती असणार, यात त्यांना शंका नव्हती. तो एक रोडगा पोटात गेला की बाईची भूक परत येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"बाबा, आपल्या घरच्या ओव्हनमध्ये करू ना," सून पौर्णिमा म्हणाली. "एका वेळी सहा बसतात."

"सहा रोडगे? रोडगे कोनी सहा करते काय? त्याले पंगत लागते."

"मग काय करता?"

नत्थुजींनी ओट्याकडे पाहिलं. घरचा ओव्हन त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्याच्या काचेवर आकडे होते, त्यातला सर्वांत मोठा आकडा होता दोनशे. आणि दोनशेचा आकडा त्यांनी आणखी एका ठिकाणी पाहिला होता.

एमआयडीसीत किशोरचा पावडर कोटिंगचा छोटा कारखाना होता. नत्थुजींना त्या धंद्याबद्दल पहिल्यापासून आकस होता. त्यांनी तेहतीस वर्षं लोखंड रंगवलं ते ब्रशनं आणि फवाऱ्यानं. आधी घासकाम, मग तांबडा प्रायमर, मग पुट्टी, मग रंगाचे दोन हात, आणि टर्पेंटाइनचा तो वास, जो रविवारी साबणानं अंघोळ केली तरी जात नसे. इथे तर रंग ओलाच नव्हता. कोरडी भुकटी. लोखंड धुवायचं, त्याला फॉस्फेटच्या पाण्यात बुडवायचं, वाळवून हुकाला टांगायचं आणि बंदुकीनं त्याच्यावर भुकटी उडवायची. बंदूक भुकटीला वीज देते, म्हणून ती लोखंडाला आपोआप धरून बसते. मग सगळं खोलीएवढ्या भट्टीत ढकलायचं. दोनशे डिग्रीत भुकटी वितळते, पसरते, आणि लोखंडावर तिची अशी साय धरते की पुढची वीस वर्षं गंज जवळ येत नाही.

"रंग सोताच जाऊन चिकटते?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नत्थुजी म्हणाले होते. "लोखंड काय त्याचा सोयरा हाय? कोरडा रंग म्हनजे रांगोयी."

पण भट्टी त्यांना आवडली होती. आज तर फारच आवडली. त्यांनी कणकेचं पातेलं, तुपाचा डबा आणि स्वतःला एका ऑटोत घातलं आणि बारा वाजता कारखाना गाठला.

किशोर तिथे नव्हता. मुलींच्या वसतिगृहाचे चोवीस लोखंडी पलंग आज अकोल्याला जायचे होते. बारा काल झाले होते, बारा आज व्हायचे होते, आणि किशोर त्यांच्या बांधणीचे पुठ्ठे आणायला शहरात गेला होता. कारखाना श्रावणच्या ताब्यात होता. श्रावण हा भट्टीचा जुना कारागीर, पन्नाशीचा, सरळ मनाचा आणि मालकाच्या बापाला नाही म्हणता न येणारा.

"काकाजी, भट्टीत रोडगे?" तो म्हणाला.

"तापली हाय ना?"

"तापून राहिली."

"पलंग कवा टाकनार?"

"एक वाजता. आत्ता पावडर मारून राहिलो."

"मंग पाऊन तास ते रिकामीच तापते. गवऱ्याच्या आराले काय थर्मामीटर असते? आपल्या जोळ तं आकडा हाय. माय अंदाजानं करे, आपन मोजून करू."

श्रावणनं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. किशोरनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: डोक्याला तेल लावून कामावर येऊ नये. कारखान्यात तेलकट पदार्थ आणू नयेत. कामगारांचे डबेसुद्धा बाहेर निंबाखाली उघडत. लोखंडावर तेलाचा अंश राहिला तर पावडर तिथे धरत नाही, हे श्रावणला पाठ होतं.

"हे लोखंडाले तेल लागू नये म्हनून हाय," नत्थुजी म्हणाले. "मी कुठं लोखंडाले लावून राहिलो? मी रोडग्याले लावून राहिलो."

हा मुद्दा श्रावणला पटला. शिवाय तोही रोडग्यांच्याच मुलखातला होता, आणि रोडग्यांचं नाव काढल्यापासून त्याचंही मन ताळ्यावर नव्हतं. दोघांनी अर्ध्या कणकेचे चाळीस रोडगे वळले. नत्थुजींनी लोखंडी ट्रॉलीची जाळी गमछानं पुसली. जाळीला उडालेल्या पावडरचा हात लागलेला होता, तो पुसून गेला असं त्यांना वाटलं. खमंग व्हावेत म्हणून त्यांनी प्रत्येक रोडग्याला तुपाचा सढळ हात फिरवला आणि ट्रॉली आत ढकलली.

गोवऱ्यांच्या आराला पंखा नसतो. या भट्टीला होता. गरम हवा सगळीकडे सारखी फिरावी म्हणून तो मोठा पंखा रोडग्यांवर पाऊण तास वारा घालत राहिला. सुरुवातीला वास असा सुटला की शेजारच्या पाइपच्या कारखान्यातले दोघं फाटकापाशी येऊन उभे राहिले. नत्थुजींनी डोळे मिटले. त्यांना धुऱ्यावरचा आंबा दिसायला लागला. मग वासात हळूहळू दुसरा एक वास मिसळला, पण आंबा इतका स्पष्ट दिसत होता की त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

एक वाजता दार उघडलं. रोडगे सुंदर दिसत होते. अगदी चकचकीत. पोटाकडून मात्र मोरपंखी होते.

"काकाजी, कोटिंग बसलं," श्रावण म्हणाला.

वसतिगृहाच्या पलंगांचा रंग मोरपंखी होता. जाळीवर राहिलेली पावडर वितळून रोडग्यांना धरली होती आणि पंख्यानं उरलेल्यांना थोडी थोडी वाटून दिली होती. श्रावणनं हातोडीनं एक रोडगा फोडला. वरचा पापुद्रा दगडासारखा आणि आतली कणीक जशीच्या तशी ओली. सवयीप्रमाणे त्यानं खिशातलं थर मोजायचं यंत्र काढून रोडग्याला लावलं.

"आकडा दाखवून नाई राहिलं. हे फक्त लोखंडावरच चालते."

"मंग डाक्टर काहून म्हनतात गव्हात लोह असते?"

"कमी असन, काकाजी."

नत्थुजी ट्रॉलीशेजारच्या खुर्चीत बसले. चाळीसच्या चाळीस पोत्यात भरले गेले. हे जनावरालाही घालता येण्यासारखे नव्हते. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. तिकडे घरी बाई येऊन बसली असेल. फोनवर एवढ्या हौसेनं बोलली होती ती, आणि आपण तिला रंगवलेली कणीक दाखवणार.

पण दुःख करायला श्रावणला वेळ नव्हता. त्यानं घाईघाईनं बारा पलंगांचा माल त्याच भट्टीत ढकलला. वीस मिनिटांनी दार उघडलं, आणि आता खुर्चीत बसायची पाळी त्याची होती. मोरपंखी रंगावर वरपासून खालपर्यंत बारीक बारीक खळगे पडले होते. चाळीस रोडग्यांचं तूप वाफ होऊन भट्टीच्या भिंतींवर बसलं होतं आणि पलंग आत आल्यावर त्यांच्यावर उतरलं होतं. पाटीवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं ठरलं होतं.

नेमका तेव्हाच किशोर पुठ्ठे घेऊन आला. त्यानं पलंग पाहिले, भट्टीत डोकं घालून वास घेतला आणि तुपाचा डबा पाहिला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"बाबा, तुमाले समजते का हे काय झालं? भट्टी पूर्ण पुसून रिकामी तापवा लागन. बाराही पलंग घासून पुन्हा कराचे. दोन दिवस गेले माहे. मॅडमले काय सांगू?"

"सांग का माह्या बापाची अक्कल गेली."

"ते तं त्यायले दिसनच," किशोर म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा मान खाली घालून गमछानं बोटांवरचं तूप पुसत होता.

मॅडम म्हणजे अकोल्याच्या माधवीताई. वसतिगृहाचं सगळं सामान त्या बघत होत्या. तीनला यायच्या त्या ट्रक घेऊन दोनलाच आल्या. त्या पुण्यात शिकल्या होत्या आणि धंद्याचं बोलणं अगदी शुद्ध करत, पण राग आला की त्यांची मराठी तडक अकोल्याला परत येई.

"किशोरजी, फिनिशिंगबद्दल आपलं स्पष्ट ठरलं होतं," त्या म्हणाल्या. मग वाकून पलंगावरून बोट फिरवलं. "अन् हे काय हो? पलंगायले देवी आल्या काय?"

किशोर खरं सांगावं की खोटं, याचा विचार करत होता. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. पौर्णिमेनं हात धरून भागीरथाबाईला उतरवलं. पाठोपाठ वरणाचं पातेलं उतरलं, भाजीचं उतरलं. तासभर घरी वाट पाहून बाईनंच फर्मान काढलं होतं, की भाऊ जिथं असेल तिथं मला ने.

"नत्थू," बाई लुगड्याचा पदर सावरत म्हणाली, "कुठं हायेत रोडगे?"

सगळे नत्थुजींकडे पाहू लागले. नत्थुजींनी उठून पोत्याचं तोंड उघडलं. बाईनं एक रोडगा काढला, उलटा केला, मोरपंखी पोट पाहिलं आणि नखानं टकटक वाजवलं.

"बाई, माफ कर," नत्थुजी म्हणाले. "तुले मायच्या हातचा खाऊ घालाचा होता. त्या नादात पोराचंई वाटोयं केलं. बारा पलंग गेले त्याचे."

माधवीताईंनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. हिशेब त्यांच्या लक्षात आला. त्या श्रावणकडे वळल्या.

"कनीक उरली का?" त्यांनी विचारलं.

"अर्धी हाय," श्रावण म्हणाला. "गवऱ्या माह्या घरी हायेत, इथून दहा मिन्टं. पन इथं पेटवता येत नाई. राख उडली का कोटिंग खराब होते."

"कोणतं कोटिंग?" माधवीताई म्हणाल्या. "दोन दिवस तुमच्याकडे कोटिंग होऊन नाई राहिलं. आता राखेनं काय बिघडते? किशोरजी, कालचे बारा पलंग आज टाका ट्रकमधे, बाकीचे बुधवारी. बारा पोरी उद्या येतीन, बारा बुधवारी. मी सांगीन त्यायले. पन मले सकायपासून चहाच हाय पोटात."

किशोरनं पाटीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि श्रावणला मोटरसायकलची किल्ली दिली.

कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत, बाभळीच्या आडोशाला आर पडला. नत्थुजींनी कणीक पुन्हा मळून पदर दिले. किशोर राखेत रोडगे दाबायला बसला. हे काम त्यानं पंचवीस वर्षांत केलं नव्हतं, पण आजोबांनी शिकवलेलं हात विसरले नव्हते. धूर सरळ वर गेला आणि कोणीही बादली घेऊन आलं नाही. पाइपवाले दोघं पत्रावळी घेऊन आले. चार वाजता रोडगे निघाले. झटकले, दाबले, आणि वाफ आली. नत्थुजींनी ती वाफ तोंडावर घेतली. साठ वर्षांपूर्वीचा पौष त्यांच्यापुढे जसाच्या तसा उभा राहिला, आणि त्यांनी कोणाला न लपवता डोळे पुसले.

ताडपत्री अंथरली गेली. ट्रकचा ड्रायव्हर बसला, कामगार बसले, पाइपवाले बसले, किशोर बसला. माधवीताई पाहुण्या म्हणून बसल्या.

"बाई, तू अन् पौर्निमा मागून निवांत बसजा," नत्थुजी म्हणाले. "गर्दी होते इथं."

बाईनं ऐकून घेतलं. मग ती पौर्णिमेचा हात धरून चालत आली, ड्रायव्हरला म्हणाली, "सरक रे बाबू," आणि पहिल्या पंगतीत मधोमध बसली. पौर्णिमेलाही शेजारी बसवलं.

"वाढ," ती म्हणाली.

नत्थुजींनी गरम रोडगा तिच्या पत्रावळीवर कुस्करला, वरण घातलं, तुपाची धार धरली. "खाय बाई. सांग, मायवानी झाला का?"

"मले काय मालूम?"

"म्हनजे?"

"नत्थू, पयल्या पंगतीत कोन बसे? मानसं. दुसरीत सोयरे, पोट्टे. तू बसे बापाच्या मांडीजोळ. मंग आमी. मी अन् माय बसू तवर आर इझून जाये. जे करपले, जे राखेत राह्यले, ते आमच्या वाट्याले. दगडावर आपटून फोडो. तूप तं तुमच्यातच सरे."

पौर्णिमेनं मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं.

"मंग तू फोनवर काहून म्हनलं, रोडगे खाऊसे वाटतेत?" नत्थुजींनी हळूच विचारलं.

"साठ वर्षं झाले, तू ज्याच्यात त्याच्यात सांगतं, रोडगा असा लागे, रोडगा तसा लागे. म्हनलं, मरायच्या आंदी एकडाव पाहू तं खरं, हा मानूस कायच्या गोष्टी सांगून राहिला."

तिनं पहिला घास घेतला. नत्थुजी तुपाचा डबा हातात घेऊन उभे होते. किशोरचा घास हातातच होता. बाई सावकाश चावत होती, कारण दात सातच उरले होते. घास गिळला. वरण ओरपलं. दुसरा घास घेतला, मग तिसरा. रोडगा संपला तेव्हा तिनं पत्रावळ बोटानं पुसली.

"तू खोटं नव्हता सांगत," ती म्हणाली. "अजून एक वाढ. तूप जास्त."

तिनं तीन खाल्ले. दोन महिन्यांत तिच्या पोटात गेलं नव्हतं तेवढं एका बैठकीत गेलं. नत्थुजी सगळ्यांना वाढत राहिले. पंगत उठेपर्यंत पाच वाजले आणि रोडग्यांची बुट्टी रिकामी झाली. त्यांनी काडीनं राख उकरली. तळाशी एक रोडगा राहिला होता, एका बाजूनं कोळसा झालेला, गार. तो घेऊन ते बहिणीशेजारी ताडपत्रीवर बसले. दोनदा दगडावर आपटला, तेव्हा फुटला.

"कसा लागते?" बाईनं विचारलं.

"कडक हाय."

"तूप उरलं थोडं डब्यात. लाव."

"राहू दे," नत्थुजी म्हणाले, "असाच खातो," आणि मान खाली घालून त्यांनी तो करपलेला रोडगा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.